रानडुक्कर, पिस्तूल आणि शेतकरी

(कारधा, जिल्हा भंडारा, येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आम्ही आज येथें सोसायटीच्या कर्जाविषयीं बोलावयास आलों होतों. त्याचे कागद पिशवींत आहेत; ते पिशवींतच राहूं द्या. वैनगंगेचा पूल ओलांडून गांवांत शिरतों न शिरतों तोंच एका तरुण गड्यानें आमची वाट अडविली, खिशांतला मोबाईल काढला आणि एका चकचकीत पिस्तुलाचें चित्र आमच्यापुढें धरलें. "रानडुकरासाठीं हें कसें? आणि गोळी कोणती भरावी?" आम्हांला हसूं येणार होतें, पण त्यानें पुढें जें सांगितलें तें ऐकून हसूं जागच्या जागीं जिरलें. गेल्या हंगामांत तुरीच्या शेंगा तोडतांना त्याच्या बापाला डुकरानें मांडीपासून गुडघ्यापर्यंत फाडलें. बाप आज काठी घेऊन चालतो. घरांत दुभती म्हैस एकच. ती विकून पिस्तूल घ्यावयाचें, असा त्या घराचा निश्चय झाला आहे.

तो गडी पुढच्या रांगेंत बसला आहे. त्याचें नांव आम्ही घेत नाहीं, कारण असा गडी नदीकांठच्या प्रत्येक गांवांत आहे. आजचें भाषण म्हणजे त्याच्या प्रश्नाचें उत्तर.

भाऊ, म्हैस विकूं नको. पिस्तुलानें डुक्कर थांबत नाहीं, म्हशीच्या दुधानें निदान घर तरी चालतें. पण नुसतें "नको" म्हणून आम्ही सुटूं इच्छित नाहीं. कां नको, आणि मग काय हवें, हें सांगितलें पाहिजे.

आधीं डुक्कर काय चीज आहे तें पाहूं. तुम्ही त्याला आमच्याहून अधिक वेळां पाहिलें आहे, परंतु बहुधा पाठमोरें, धान लोळवून पळतांना. पुरा वाढलेला नर शंभर किलोच्या आसपास भरतो, एखादा त्याहूनही जड. कळपांत माद्या आणि पिलें असतात. थोराड नर बहुतेक एकटा फिरतो, आणि बांधावर अचानक गांठ पडते ती बहुधा त्याच्याशीं. त्याची नजर अधू, पण नाक इतकें तिखट कीं जमिनीखालचा कंद त्याला वरून कळतो. नराच्या खांद्यावर कातडीखालीं कूर्चेसारखें चिवट, जाड कवच असतें. दोन नर झुंजतात तेव्हां एकमेकांच्या सुळ्यांचा मार या कवचावरच झेलतात. कपाळाचें हाड जाड आणि उतरतें. हृदय आपल्याला वाटतें त्याहून बरेंच खालीं, पुढच्या पायांच्या मागें छातीच्या तळाशीं असतें. म्हणजे समोरून अंगावर येणाऱ्या डुकराचें जें जें आपल्याला दिसतें, कपाळ, नाकाड, खांदा, तें तें सगळें त्याचें चिलखत आहे. मर्मस्थान झांकलेलें आहे.

आणि वेग? जीव खाऊन धांवणारें डुक्कर तासाला चाळीस किलोमीटरच्या घरांत जातें. वीस पावलांवरून तें निघालें, तर दीड सेकंदांत तुमच्या मांडीशीं. मादी चावते; नर मान खालीं घालून सुळा खालून वर फेंकतो. माणसाच्या उंचीला तो मार मांडीला आणि जांघेला बसतो, आणि रक्ताची मोठी धमनी नेमकी तेथूनच जाते. या गड्याचा बाप वांचला हें नशीब नव्हे, सुळा दोन बोटें बाहेरून गेला म्हणून.

आतां पिस्तुलाकडे वळूं. चित्रांत जें दाखविलें तें नऊ मिलिमीटरचें होतें. तें बोअर आपल्या कायद्यानें सामान्य माणसाला निषिद्ध आहे. म्हणजे म्हैसच काय, अख्खी बांधी विकली तरी तें कायद्यानें हातीं यावयाचें नाहीं. सामान्याला परवान्यावर मिळतें तें मुख्यतः बत्तीस बोअरचें रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ सालीं 'निर्भीक' नांवाचें हलकें रिव्हॉल्व्हर बाजारांत आणलें, बायांच्या पर्सेंत मावावें म्हणून. त्याची किंमत तेव्हांच सव्वा लाखाच्या जवळ होती. त्या रिव्हॉल्व्हरची गोळी सुमारें सहा ग्रॅम वजनाची. बाराबोर बंदुकीच्या काडतुसांतली एकसंध गोळी सुमारें अठ्ठावीस ग्रॅम, आणि तिचा वेगही जवळ जवळ दुप्पट. दोहोंचा मार तोलला तर दहापटींहून अधिक अंतर पडतें. बत्तीसची गोळी त्या खांद्याच्या कवचांत रुतून बसेल आणि डुक्कर आणखी चिडेल. शिवाय आखूड नळीच्या हत्याराचा नेम दिवसाउजेडीं, थंड डोक्यानें, रोज सराव करणाऱ्या शिपायालाही कठीण जातो. मग अंधारांत, धुऱ्यावर पाय घसरत असतां, दीड सेकंदांत, वर्षांत एकदांही चाप न ओढलेल्या हातानें तो कसा साधावा?

गडी म्हणतो, अमेरिकेंत लोक कमरेला रिव्हॉल्व्हर लावून जंगलांत जातात. जातात खरे. तेथें फार मोठ्या बोअरचीं, मनगट मुरगळणारीं रिव्हॉल्व्हरें मिळतात आणि त्यांच्या गोळ्यांवर पानेंच्या पानें लिहिलीं जातात. तीं येथें शेतकऱ्याला मिळण्यासारखीं नाहींत. आणि तेथेंही बहुतेक शिकारी कमरेचें हत्यार अगदीं शेवटच्या क्षणासाठीं ठेवतो. डुकरामागें जातांना त्याच्या हातांत लांब नळीची बंदूकच असते. परक्याच्या अंगणांतला अर्धा सल्ला घेऊन आपली म्हैस विकावी, हा कोठला शहाणपणा?

मग लांब बंदूक. हिच्याविषयीं जरा सविस्तर बोलूं, कारण येथें शेतकऱ्याच्या कामाचें आहे आणि याच ठिकाणीं त्याला अंधारांत ठेवलें जातें.

बाराबोर म्हणजे आंतून गुळगुळीत नळीची बंदूक. एकनळी असो वा दुनळी, डुकरासाठीं दुनळी बरी, कारण दुसरा बार तयार असतो. काडतुसांत बारीक छरे असतात ते पाखरांसाठीं. ते डुकरावर झाडणें म्हणजे त्याला खाजविणें. मोठ्या छऱ्यांचीं काडतुसें एल.जी. आणि एस.जी. या नांवांनीं मिळतात. तीं पंचवीस-तीस पावलांपर्यंत कामाचीं. त्यापुढें छरे फांकतात, एखादा पोटांत, एखादा पायांत जातो, आणि डुक्कर जखमी होऊन झुडपांत शिरतें. जखमी डुक्कर झुडपांत शिरलें कीं त्या रात्रीं त्याच्या मागें जाणारा माणूस मूर्ख समजावा. एकसंध गोळीचें काडतूस अधिक खोल जातें, परंतु तिला नेम लागतो आणि ती चुकली तर फार दूर जाऊन पडते. मागें वस्ती, रस्ता, दुसऱ्याची जागल असेल तर ती भरूंच नये. म्हणून आमचें मत असें कीं पिकाच्या राखणीला मोठे छरे, जवळून, मचाणावरून खालीं झाडावे. मचाणावरून खालीं गेलेली गोळी मातींत जिरते. धुऱ्यावर उभें राहून आडवी झाडलेली गोळी कोणाच्या घरीं जाईल तें सांगतां येत नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें ऐका. १९५९ सालच्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमांत स्पष्ट लिहिलें आहे कीं पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक, जिला आपण भरमार म्हणतों, तिचा परवाना नागरिकाला द्यावा. वीस इंचांहून कमी नळी नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठीं देण्याचीही तेथें तरतूद आहे. आणि पुढें असेंही आहे कीं पिकाच्या राखणीला भरमार पुरी पडत नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर त्यानें दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करावयास हरकत नाहीं. हें वाक्य लक्षांत ठेवा. भरमारीला एकच बार. तो झाडला कीं पुन्हां दारू ओता, गजानें ठासा, टोपी बसवा. तोंवर डुक्कर तीनदां येऊन जाईल. पावसाळ्यांत दारू सर्दावली कीं बार उडतच नाहीं. पऱ्ह्यांची राखण पावसाळ्यांतच असते, हें लिहिणाऱ्याला ठाऊक नसलें तरी तुम्हांला आहे. तेव्हां अर्जांत ही गोष्ट कारणांसह लिहिली पाहिजे. "बंदूक मिळावी ही विनंती" एवढेंच लिहून अर्जनवीसाला शंभर रुपये देऊन यावयाचें, आणि मग वर्ष दोन वर्षें वाट पाहावयाची, हें बंद करा.

त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमांत आणखी एक वाक्य आहे आणि तें गरिबासाठींच आहे असें समजा. अर्जदारापाशीं पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येत नाहीं. नाकारला तर कारणें लेखी नोंदवावीं लागतात, आणि त्यावर वर अपील करतां येतें. आमच्यापैकीं किती जणांना हें ठाऊक आहे? आम्हीं मघाशीं पारावर विचारलें; एकानेंही हात वर केला नाहीं. "बंदूक म्हणजे मोठ्या लोकांची वस्तु" असेंच सर्वांचें उत्तर.

ही समजूत कोठून आली तें सांगतों. १८७८ सालीं इंग्रज सरकारनें हत्यारांचा कायदा केला आणि हिंदी माणसाच्या हातचें शस्त्र परवान्याच्या कुलुपांत घातलें. गोऱ्यांना मात्र त्यांत सूट होती. जंगल खात्यानें रानें राखून ठेवलीं. म्हणजे डुकराला रान मिळालें, शेतकऱ्याच्या हातांत गोफण राहिली. या गोष्टीवर बोट कोणीं ठेवलें? जोतीराव फुल्यांनीं. १८८३ च्या सुमारास लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकांत त्यांनीं रानडुकरांचा विषय घेतला आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: रात्रीं पिकाचें डुकरांपासून रक्षण करण्यास शेतकऱ्याला साध्या गावठी बंदुका बाळगूं द्याव्या, सरकारला तेवढा विश्वास वाटत नसेल तर पोलिसांनीं स्वतः राखण करावी, आणि तरीही डुकरांनीं पीक खाल्लें तर तें नुकसान अधिकाऱ्यांच्या पगारांतून किंवा सरकारी खजिन्यांतून भरून द्यावें. एकशें चाळीस वर्षें होऊन गेलीं. आज नुकसानभरपाईचा जो नियम आहे, तो त्या तिसऱ्या मागणीचाच नातू म्हणावयास हवा. पहिली मागणी अजून अर्ध्या वाटेवर आहे. येथून नदीपलीकडे जवाहरनगरला सरकारी कारखान्यांत तोफाबंदुकांची दारू तयार होते. आपल्याच भागांतले मजूर तेथें राबतात, आणि जानेवारी २०२५ च्या स्फोटांत कांहींनीं जीव गमावला. दारू आपल्या उशाशीं तयार होते आणि जागलीला आपण डबा वाजवितों!

पण येथें आम्हांला तुमच्या विरुद्धही बोललें पाहिजे. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. हे दोन निराळे कागद आहेत. १९७२ सालच्या वन्यजीव कायद्याखालीं रानडुक्कर संरक्षित प्राणी आहे. पूर्वीं तें तिसऱ्या अनुसूचींत होतें. कायद्यांत झालेला बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, तेव्हांपासून दुसऱ्या अनुसूचींत आलें. त्या कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणें, जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झालें असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी लेखी हुकूम काढून तें मारण्यास परवानगी देऊं शकतो. परवानगीवांचून मारलें तर गुन्हा. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं प्रामाणिकपणें मारलें तर गुन्हा नाहीं. परंतु तुम्ही स्वतःच चोरून शिकारीला गेलां होतां आणि डुक्कर उलटलें, तर ही सबब चालत नाहीं. आणि मेलेलें डुक्कर सरकारचें. त्याचे वाटे घालूं नका. आम्हांला माहीत आहे, हें वाक्य ऐकून मागच्या रांगेंत कुजबुज झाली; पण वाट्यापायीं तुरुंगांत गेलेल्या घराची चूल कोण पेटविणार?

केरळांत काय केलें पाहा. २०२२ सालीं तेथील सरकारनें रानडुक्कर मारण्याचा हुकूम देण्याचा अधिकार ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांपर्यंत खालीं आणला. पंचायतीनें परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी करावयाची आणि गरज पडली कीं त्यांना बोलवावयाचें. म्हणजे प्रत्येक घरीं बंदूक नाहीं, प्रत्येक पोराच्या कमरेला पिस्तूल नाहीं; जाणत्या माणसांच्या हातीं मोजक्या बंदुका, आणि हुकूम गांवाचा. असा अधिकार आमच्याही ग्रामपंचायतींना मिळावा असें आमचें मत आहे, आणि ग्रामसभेनें तसा ठराव करून वर धाडावा. ठरावानें डुक्कर मरत नाहीं हें खरें. पण न मागतां आजवर शेतकऱ्याला काय मिळालें आहे?

जाणत्या माणसांच्या हातीं, असें आम्ही म्हणतों, त्याचें कारण आमच्या स्वतःच्या आयुष्यांत आहे. सांगावें कीं नाहीं याचा पुलापासून येथपर्यंत विचार करीत आलों. सांगतों.

आमच्या चुलत्यांच्या नांवें परवाना होता, एकनळी बंदूक होती. आम्ही तेव्हां विशीच्या आंतले. माघाच्या महिन्यांत हरभऱ्याच्या जागलीला चुलत्यांबरोबर बसलों होतों. चुलत्यांना डुलकी लागली. आम्हीं बंदूक मांडीवर घेतली. कशाला, तर आपण आतां मोठे झालों म्हणून! मध्यरात्रीच्या सुमारास वीसेक पावलांवर हरभऱ्यांत खसखस झाली. काळें कांहीं वांकून हललें. आम्हीं घोडा ओढला, नळी वर केली, चापावर बोट गेलें. तेवढ्यांत तें काळें खोकलें. शेजारची म्हातारी होती. तिचें वासरूं दावें तोडून पळालें होतें, तें शोधीत ती आमच्या शेतांत शिरली होती. डोक्यावर काळें घोंगडें. आम्हीं बंदूक खालीं ठेवली आणि सकाळपर्यंत आमचा हात थरथरत होता. म्हातारीला कांहीं कळलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें आमच्या घरीं वाटीभर खरवस आणून दिला. तो आमच्या घशाखालीं उतरला नाहीं. चुलत्यांना आम्हीं हें दहा वर्षांनीं सांगितलें.

आम्हांला खोकला ऐकूं आला. सर्वांनाच येतो असें नाहीं. २०२५ च्या आरंभीं पालघर जिल्ह्यांत गांवकरी रात्रीं डुकराच्या शिकारीला गेले, आणि डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली; माणूस मेला. तेव्हां बंदूक मिळालीच तर एवढें करा. आवाजावर गोळी झाडूं नका. आधीं बॅटरीचा झोत, डुक्कर पुरतें डोळ्यांनीं पाहिलें, त्याच्या मागें काय आहे तें पाहिलें, मगच चाप. धुरा ओलांडतांना, मचाणावर चढतांना काडतूस बाहेर. घरीं बंदूक एका कुलुपांत, काडतुसें दुसऱ्या कुलुपांत, किल्ली पोराच्या हातीं नाहीं. आणि जागलीला जाणाऱ्यानें दारूला शिवूं नये. दारू प्यालेल्या हातांत बंदूक, यापेक्षां डुक्कर बरें.

परवान्यावांचूनची बंदूक, म्हणजे कोठल्या तरी कारागिरानें नळाच्या तुकड्याची ठोकून दिलेली, ती तर घेऊंच नका. ती झाडणाऱ्याच्याच तोंडावर फुटते. आणि न फुटली तरी कायदा फोडतो: २०१९ च्या दुरुस्तीनंतर नुसती बाळगल्याबद्दल दोन ते पांच वर्षें कैद आहे.

याहूनही वाईट म्हणजे जिवंत तार. खांबावरून आंकडा टाकावयाचा, शेताभोंवतीं उघडी तार फिरवावयाची आणि आपण घरीं निजावयाचें. भावांनो, डुकराला ती तार जितकी, तितकीच पहाटे पाणी द्यावयास आलेल्या तुमच्या भावालाही. आपल्या या भागांत शेतकऱ्यांच्या तारेनें शेतकरी मेले आहेत. कांहीं ठिकाणीं ज्यानें तार लावली तोच मेला. उमरेड-करांडल्याच्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ सालीं नागभीडकडे एका शेताच्या तारेंतच गेला, आणि शेतकरी पोलिसांच्या हातीं पडला. डुकरासाठीं लावलेल्या तारेंत वाघ मेला तर घर उद्ध्वस्त, माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा खटला. आमिषांत गुंडाळलेले हातगोळे तसेच. ते गुरांच्या तोंडांत फुटतात, पोरें ते उचलतात. कुंपण करावयाचेंच तर सौर झटक्याचें करा. तें क्षणभर झटका देतें, जीव घेत नाहीं. त्यावर वनखात्याच्या योजनेंतून अनुदानही मिळतें.

आणि तोंवर? जुनें शहाणपण टाकून देऊं नका. खालीं गोसीखुर्दचें धरण झालें तेव्हांपासून नदीचें पाणी आतां पूर्वीसारखें उतरत नाहीं, आणि जेथें उतरतें तेथें बेशरम आणि बाभूळ माजते. दिवसा डुकरें तेथेंच लोळत असतात. शेताच्या आणि त्या झाडोऱ्याच्या मधली पंधरा-वीस हात पट्टी सर्वांनीं मिळून साफ ठेवली, तर डुक्कर उघड्यावर येण्यास कचरतें. जागल एकट्यानें करूं नका. दोघे-तिघे आळीपाळीनें, मचाण माणसाच्या उंचीहून वर. कापलेल्या धानाच्या कडपा रात्रभर बांधींत लोळत ठेवण्यापेक्षां पुंजणें लौकर रचा. कोणी भगत मंतरलेले तांदूळ टाकून शेत "बांधून" देतो म्हणतो. त्याला त्या रात्रीं शेतांत एकट्याला निजावयास सांगा आणि मग पैसे द्या.

डुक्कर समोर आलेंच तर त्याची पळण्याची वाट अडवूं नका. बहुतेक वेळां त्याला पळावयाचेंच असतें. आपण नेमके वाटेंत असतों. मादीबरोबर पिलें असतील तर मागच्या पावलानें सरका. झाड, मचाण, बैलगाडी, जें उंच मिळेल त्यावर चढा. पाडलेंच तर पालथे पडा, मांड्या जुळवा, मान हातांनीं झांका. सुटल्यावर जखमेंतून रक्त उसळत असेल तर धोतर, लुगडें, टॉवेल, जें हातीं येईल तें जखमेंत दाबून धरा आणि दवाखान्यांत पोंचेपर्यंत दाब सोडूं नका. हळद, शेण, तंबाखू कांहीं भरूं नका. धनुर्वाताची आणि पिसाळ रोगाची, दोन्ही लसी मागून घ्या.

आणि अठ्ठेचाळीस तासांच्या आंत वनखात्याच्या जवळच्या माणसाला कळवा. आम्हीं या गड्याला विचारलें, "बाप जखमी झाला तेव्हां कळविलेंस का?" तो म्हणाला, "कोणाला? आम्ही खासगी डॉक्टराकडे नेलें, वीस दिवस तेथेंच होतों." २०२३ सालच्या शासननिर्णयाप्रमाणें रानडुकरासारख्या जनावरानें माणूस मारला तर वारसांना पंचवीस लाख, कायमचें अपंगत्व आलें तर साडेसात लाख, गंभीर जखम झाली तर पांच लाख रुपये आहेत. पिकाचें नुकसान झालें तर तीन दिवसांच्या आंत अर्ज. या घराचे अठ्ठेचाळीस तास केव्हांच उलटले. आतां काय होईल तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण डॉक्टरांचे कागद, जखमेचीं छायाचित्रें, त्या दिवशीं खाटेवर उचलून नेणाऱ्या चौघांचे जबाब असें सगळें जुळवून उशिराचें कारण लिहून अर्ज देणार आहोंत. उद्यां सकाळीं आम्ही स्वतः या गड्याबरोबर पूल ओलांडून भंडाऱ्याला जातों. नाहीं म्हणाले तर लेखी नाहीं घेऊन येऊं.

भाषण संपतां संपतां मागून एका बाईनें विचारलेलें येथें सांगितलें पाहिजे. ती म्हणाली, "बंदूक गड्यांच्या हातीं. दिवसा निंदणाला, कापणीला आम्ही बाया. आमचें काय?" तिचें म्हणणें खरें आहे. या गड्याच्या बापाला डुक्कर भेटलें तें रात्रीं जागलीला नव्हे, दिवसा शेंगा तोडतांना. दाट तुरींत, उसांत, उंच धानांत शिरण्यापूर्वीं चारपांच जणींनीं मिळून कडेनें थाळी, डबा वाजवीत फिरावें आणि एक बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे आंत कांहीं असलें तर त्या बाजूनें निघून जातें. एकटीनें आंत जाऊं नये. कुत्रें बरोबर असेल तर तें बांधून ठेवावें. तें डुकराला डिवचतें आणि मग जीव वांचविण्यास धन्याच्याच पायाशीं येतें. राहिली बंदूक. सातबारा जिच्या नांवें आहे, शेत जी राखते, तिच्या नांवें परवाना मागण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाहीं. शिक्षण मात्र रीतसर घ्यावें लागतें, पुरुषासारखेंच. त्या बाईनें विचारलें, "अर्ज कोण लिहून देईल?" आम्हीं पिशवींतले कर्जाचे कागद बाजूला सारून कोरा कागद काढला आहे. ज्यांना अर्ज करावयाचा आहे त्यांनीं सातबारा आणि गेल्या दोन हंगामांतल्या नुकसानीची हकीकत, तारखांसह, घेऊन इकडे यावें.